डावा कोपरा

सेलूच्या स्टँडवर मी गाड्यांची नोंद ठेवतो.
आली किती वाजता, गेली किती वाजता, उशीर, उशिराचं कारण.
त्याच वहीच्या मागच्या पानांवर
एकवीस वर्षांचं कॉलेजच्या कबड्डीचं खातं आहे.
कुणी मागितलेलं नाही.
एकदा तपासणीत सापडलं तेव्हा साहेब म्हणाले,
हे लोन कुणाचं थकलंय?
म्हटलं, लोन नाही साहेब, लोण.
परभणीवाल्यांवर चढवलेलं आहे. दोन वेळा.

लोक विचारतात, तुमचं पोरगं खेळतं का संघात?
नाही. पोरगी आहे, लातूरला क्लासला असते.
मी स्वतः एकदाच उतरलो होतो, बारावीला,
कुणाचा तरी पाय मुरगळला म्हणून.
मध्यरेषेच्या पलीकडं तीन पावलांवर दम तुटला.
तेव्हापासून बाहेर उभा राहून दम धरतो.

पोरं तीन वर्षांत निघून जातात.
कुणी एमआयडीसीत, कुणी भरतीच्या रांगेत,
अलीम तर आमच्याच डेपोत वाहक झाला,
अजून गर्दीत तिकीट देताना
डावा पाय पुढं सरकवतो, बोनस घेतल्यासारखा.
दर जुलैला नवी बारा तोंडं, चोवीस गुडघे,
त्यांना माझं नाव माहीत व्हायच्या आधीच
मी ‘आपली पोरं’ म्हणायला लागलेला असतो.
मग संघ म्हणून काय उरतं?
दोन धुण्यांत फिकी पडणारी निळी बनियन,
धापसे सरांची शिट्टी,
आणि डाव्या कोपऱ्याच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी, मी.

टीव्हीवरच्या लीगचं वेगळं.
तिथं लिलाव होतो, मोंढ्यात कापसाचा होतो तसा,
फक्त तिथं माल सोफ्यावर बसून हसतो.
मागच्या साली ज्याला शिव्या घातल्या
त्याला यंदा आपला म्हणायचं.
मला नाही जमत. तोंड उघडतं, आवाज निघत नाही.
दिवे इतके की माणसाला सावलीच नाही,
सामना संपल्यावर कुणाच्या खिशात माती घरी येत नाही.
तरी बघतो. खोटं कामून बोलू?
भागवत रोडगे आहे तिथं.

आमचा भागवत, वालूरचा.
अठ्ठावीस सामने तो बाकावर बसला.
अठ्ठावीस सामने मी बाक बघितला.
कॅमेरा फिरताना अर्धा सेकंद त्याचा कान दिसायचा,
तो कान मी कुठंही ओळखीन,
नांदेडच्या मैदानावर पकडीत चुरगळला होता.
बायको म्हणायची, अहो, खेळ तिकडं चालूये.

परवा उतरवला शेवटी.
सामना हरलेलाच होता, सतरा गुणांनी,
दोन मिनिटं नुसती काढायची होती.
समालोचक म्हणाला, भगवान रोडके, पुण्याचा खेळाडू.
मी उठून टीव्हीला सांगितलं,
भागवत. रोडगे. मुक्काम वालूर, तालुका सेलू.
त्यानं कुणाला हात लावला नाही,
कुणाच्या हाताला लागला नाही,
तीस सेकंद त्यांच्या घरात हिंडून परत आला.
रिकामी चढाई.
वहीत ते शून्य मी फार सावकाश काढलं,
गोल नीट मिळेपर्यंत.

सकाळी माइक हातात होता.
पाथरीची गाडी सांगितली, मानवतची सांगितली,
आणि त्याच आवाजात पुढं निघून गेलं,
प्रवाशांनी लक्ष द्यावे,
वालूरचे भागवत रोडगे चढाई करून
सुखरूप परत आलेले आहेत.

केळीवाल्यानं मान वर केली.
अलीम गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच थांबला,
मग घंटीची दोरी सोडून दोन्ही हातांनी मांडीवर थाप मारली.
पिशवी सांभाळत एक म्हातारी आली खिडकीशी,
म्हणाली, ते आले म्हणता, बरं झालं बाई,
पण वालूरची गाडी लागली का?

लागली होती. सहा मिनिटं उशिरा सुटली.
कारणाचा रकाना
अजून कोराच आहे.